‘हे मुद्दाम केलंय’: आमच्या मासिकाच्या पहिल्या अंकात झालेली फसवणूक

ज्याने आम्हाला फसवलं त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र बारकाव्यांसकट लिहिते. छोटं संगीत मासिक काढायला निघालेलं कुणीही याच पद्धतीला बळी पडू शकतं, कारण आमच्यासारखी माणसं ज्या गोष्टीवर जीव टाकतात, नेमकी तीच तो हत्यार म्हणून वापरतो.

आम्ही तिघं. शूगेझ, पोस्ट-पंक, नॉइज असल्या संगीतावर वर्षानुवर्षं पोसलेले. अंक ४८ पानांचा काढायचा, ५०० प्रती छापायच्या, एवढं ठरलं होतं. लेख आमचे, मुलाखती आमच्या. मांडणीतलं मात्र तिघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. आमचा वाचक मूठभर, पण भारी चौकस. फोटोतल्या गिटारिस्टच्या पायाशी कोणते पेडल आहेत हे बघणारा, अल्बमच्या आतल्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरंही वाचून काढणारा. अशा वाचकाच्या हातात गुळगुळीत, कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकासारखा दिसणारा अंक द्यायचा नाही, यावर आमचं एकमत होतं. अंकाला खरखर हवी होती. झेरॉक्सची काजळी, फाटलेल्या पोस्टरच्या कडा, टाइपरायटरची अक्षरं. १९७६ साली लंडनमध्ये ‘स्निफिन ग्लू’ नावाचं पंकचं पत्रक अशाच झेरॉक्स केलेल्या पानांवर निघालं होतं, आणि तो वारसा आपला आहे असं आम्हाला मनापासून वाटायचं. आजही वाटतं.

एका ओळखीच्याने मांडणीसाठी या माणसाचं नाव सुचवलं. पहिल्याच बोलण्यात तो ‘रे गन’वर आला. १९९२ साली सुरू झालेलं ते अमेरिकन मासिक आणि त्याचा कलादिग्दर्शक डेव्हिड कार्सन. कंटाळवाणी वाटली म्हणून कार्सनने १९९४ साली गायक ब्रायन फेरीची अख्खी मुलाखत ‘झाफ डिंगबॅट्स’ या फॉन्टमध्ये, म्हणजे नुसत्या चिन्हांमध्ये लावली, ही गोष्ट त्याने अशी रंगवून सांगितली की आम्ही ऐकतच राहिलो. मग नऊ नमुना पानं पाठवली. सगळी चित्र म्हणून, एकही पीडीएफ नाही. पानं सुंदर होती. त्यातल्या एका पानावरचा फोटो मोठा करून बघताना मला बारीक रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली होती. मला वाटलं, वा, काय टेक्श्चर आहे! ते टेक्श्चर नव्हतंच. चार रंगांत छापलेल्या कागदावर दिसतात ते ठिपके होते ते. दुसऱ्या कुणाचं तरी छापून आलेलं पान स्कॅन करून त्याने ‘माझं काम’ म्हणून दाखवलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं की या पानाची मूळ फाइल उघडून दाखवाल का. नाही विचारलं.

निम्मे पैसे आगाऊ, पाव पहिली मांडणी दिसल्यावर, उरलेले फाइल हातात येण्याआधी, असं ठरलं. शेवटची अट त्याची. लेखी करार नव्हता, सगळं मेसेजवर.

पहिली मांडणी आली आणि पुढचे दोन महिने आम्ही एकच वाक्य ऐकत राहिलो: ‘हे मुद्दाम केलंय.’ एका मुलाखतीत प्रश्न कुठे संपतो आणि उत्तर कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. मुद्दाम केलंय. दोन परिच्छेद पानाच्या कडेला अर्धे कापले गेले होते. मुद्दाम केलंय. माझ्या मैत्रिणीने लिहिलेल्या लेखाचा शेवट गायबच होता, आणि तिने विचारलं तेव्हा म्हणाला, ‘वाचकाला अपुरं ठेवायचं असतं. कार्सनने मुलाखत चिन्हांत छापली, आणि तुम्ही मला ओळी सरळ करायला सांगताय?’ ती गप्प झाली. आम्ही सगळेच गप्प झालो. आपल्याला कळत नाही, आपण जुनाट आहोत, ही लाज त्याने आमच्यात हळूहळू पेरली होती. तो पैसे कमावत होता तो या लाजेवर.

ब्रायन फेरीच्या त्या मुलाखतीची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. कार्सनने ती चिन्हांत लावली हे खरं. पण त्याच अंकाच्या मागच्या बाजूला तीच मुलाखत वाचता येईल अशा अक्षरांत छापलेली होती. एवढा नियम मोडणाऱ्या माणसाच्या अंकातही वाचणाऱ्याची सोय होती! हे तेव्हा माहीत असतं तर मी आमच्या मांडणीकाराला एका वाक्यात अडवलं असतं.

पानांची संख्याही अशीच. त्याने ४६ पानांचा अंक पाठवला. मधोमध पिना मारून बांधायच्या अंकाची पानं चारच्या पटीतच लागतात, कारण एका दुमडलेल्या कागदाची चार पानं होतात. ४६ जमत नाहीत. मी दोन पानं कमी असल्याचं कळवलं तर त्याने दोन कोरी काळी पानं जोडली, त्यांना ‘शांततेची पानं’ असं नाव दिलं आणि त्या दोन पानांचे वेगळे पैसे मागितले. आम्ही दिले. आणि मैत्रिणीच्या लेखाचा उरलेला भाग ४८ पानांतही बसला नाही तो नाहीच.

सगळे पैसे पोचल्यावर अंतिम पीडीएफ आली. आम्ही ती प्रेसमध्ये दिली. तिथल्या वयस्कर मशीनमनने फाइल स्क्रीनवर उघडली, एका ओळीवर माउस ओढला आणि म्हणाले, ‘ताई, अक्षरं निवडली जात नाहीत. हा मजकूर नाही, चित्र आहे.’ आठशे टक्के मोठं करून दाखवलं तर प्रत्येक अक्षराच्या कडेला पायऱ्या. मग त्यांनी काळ्या रंगाची आकडेवारी दाखवली, म्हणजे छपाईच्या चार शायांपैकी कुठली किती टक्के पडणार ते: सायन (निळसर) ७५, मॅजेंटा (गुलाबी) ६८, पिवळा ६७, काळा ९०. स्क्रीनसाठी लाल-हिरवा-निळा या रंगांत बनवलेला आरजीबी काळा तसाच छपाईच्या चार रंगांत लोटला की साधारण हेच आकडे येतात. बेरीज ३००. मजकुराची अक्षरं खरं तर फक्त काळ्या शाईत, काळा १०० आणि बाकी तिन्ही शून्य, अशी असावी लागतात. एका पानाचं प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत, काढून त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. बारीक अक्षराच्या एका कडेला निळसर झालर, दुसऱ्या कडेला गुलाबी. प्रत्येक रंगाची छपाईची प्लेट वेगळी असते; त्या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या, म्हणजे प्रेसच्या भाषेत रजिस्टर आऊट झालं, तरी त्या आकाराचं अक्षर असं फुटतं. शिवाय आमचा कागद बिनचकाकीचा, शाई पिणारा. एवढी शाई त्यावर वाळलीच नसती, मागच्या पानाला लागली असती.

ते भिंग डोळ्याला लावून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. आमचे सहा महिने त्या गुलाबी झालरीत होते.

मांडणीकाराला फोन केला, ओपन फाइल, म्हणजे दुरुस्त्या करता येतील अशी मूळ फाइल, मागितली. म्हणाला, ती ठरलेल्या कामात नव्हती, वेगळे पैसे पडतील. हे ऐकताच थांबायला हवं होतं. आम्ही तेही पैसे भरले, कारण ज्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या त्यांना तारीख देऊन बसलो होतो. आली ती इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरची फाइल होती खरी, पण आत प्रत्येक पानावर त्याच पीडीएफचं एकेक पान चित्रासारखं चिकटवलेलं. ना मजकुराच्या चौकटी, ना स्टाइल, ना मूळ फोटो. खरी ओपन फाइल पॅकेज करून येते: मांडणीची फाइल, एका फोल्डरमध्ये सगळे फोटो, दुसऱ्या फोल्डरमध्ये फॉन्ट. यात ते फोल्डरच नव्हते. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

मशीनमनकाकांनी आमच्यासाठी जे केलं ते मी विसरणार नाही. मजकुराची सगळी पानं त्यांनी एकरंगी करून घेतली, म्हणजे एकच प्लेट, झालर नाही. पायऱ्या राहिल्याच, पण वाचता तरी येत होतं. अंक निघाला.

खरी चोरी उघड झाली ती त्यानंतर. मुखपृष्ठावर आम्ही मुलाखत घेतलेल्या बँडचा बासवादक, म्हणजे बास गिटार वाजवणारा, होता, मंचावर वाकलेला. फोटो कुठून आला हे आम्ही विचारलं होतं, तेव्हा ‘माझ्याकडे हक्काचे फोटो आहेत’ असं उत्तर मिळालं होतं. अंक पोचल्यावर त्या बासवादकाचा फोन आला. चिडला नव्हता, चक्रावला होता. ‘मी उजव्या हाताने वाजवतो. तुम्ही मला डावखुरा का केलंय?’

‘निर्वाणा’ बँडचा कर्ट कोबेन डाव्या हाताने गिटार वाजवायचा हे आमच्या वाचकांना झोपेतही सांगता येतं. बासचा दांडा कुठल्या बाजूला आहे हे असल्या वाचकांच्या नजरेतून सुटत नाही. माझ्या नजरेतून सुटलं. फोटो आरशासारखा उलटा केला होता. मी स्क्रीनवर तो परत उलटा केला आणि बघत बसले. छातीवर आडवी फाटकी टेप होती, जिचं मी कौतुक केलं होतं. तिच्या खालून टी-शर्टवरच्या एका अक्षराचं टोक डोकावत होतं. टेप नसती तर उलटी अक्षरं दिसली असती. उजव्या कोपऱ्यातला काजळीचा डाग, तोही आम्हाला आवडला होता. त्याच्याखाली पुसट अशी छायाचित्रकाराची खूण होती. फोटोतून फोटो शोधायची सोय असते, तिला चकवायला उलटापालट केलेली. सरळ केलेला फोटो शोधात टाकला आणि मिनिटभरात मूळ फोटो सापडला. अवघा १०८० पिक्सेल रुंद. ए-फोर पानाला ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी प्रत्येक कडेला सोडलेली तीन मिलिमीटर जादा जागा, धरून तीनशे पीपीआयला (दर इंचाला तीनशे पिक्सेल) साधारण २५५१ पिक्सेल रुंदी लागते. मोठा केल्यावर तो फाटेल, म्हणजे त्याचे चौकोन चौकोन दिसतील, हे उघडच होतं, आणि तो फाटणं म्हणजे ‘ग्रेन’, जुन्या फोटोंतला दाणेदारपणा, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं.

मग सगळे फोटो तपासले. चौदापैकी अकरा दुसऱ्यांचे. मथळ्यांचा फॉन्ट ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ या अटीवर फुकट मिळणारा. विकायच्या मासिकात तो चालत नाही.

छायाचित्रकार बाईंना आम्ही स्वतःहून लिहिलं. त्या रास्त संतापल्या. अंधाऱ्या मंचाजवळ, लोकांचे धक्के खात, तीन तास उभं राहून काढलेला फोटो होता तो. उरलेल्या प्रती आम्ही मागे घेतल्या, त्यांचं मानधन दिलं, बाकीच्या छायाचित्रकारांना एकेक करून शोधलं. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे सांगताना मला आतून कळत होतं की छापणारे आम्ही होतो, जबाबदारीही आमचीच.

तुम्ही असा अंक करायला निघाला असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. मांडणी कितीही विस्कटलेली हवी असली तरी मांडणीकाराला एकच पान तुमच्यासमोर उघडायला लावा आणि एखादी ओळ दुरुस्त करून दाखवायला सांगा. विस्कटलेपणा ज्याने स्वतः रचलाय तो डोळे मिटून ते करेल, वर कुठली वस्तू का वाकडी ठेवली हेही सांगेल. प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव आणि परवानगीचा मेसेज मागा. ओपन फाइल, फोटो आणि फॉन्टचे परवाने मिळतील हे पहिले पैसे देण्याआधी लिहून घ्या, आणि शेवटचे पैसे प्रेसने फाइल तपासून होकार दिल्यावरच द्या. एक पान आधी छापून भिंगाखाली बघा. प्रेसमधली माणसं हे आनंदाने दाखवतात.

आमचा दुसरा अंक ३२ पानांचा निघाला. एका शिकाऊ मुलीने केला. तिची पानं पहिल्यापेक्षाही रानटी आहेत, आणि सगळी वाचता येतात. मुखपृष्ठावर त्याच छायाचित्रकार बाईंचा नवा फोटो आहे, नाव ठळक छापलेलं.

मागच्या महिन्यात कुणीतरी मला त्या माणसाची नवी नमुना पानं पाठवली. पहिलंच पान आमचं मुखपृष्ठ आहे. मासिकाचं नाव बदललंय. फाटकी टेप, कोपऱ्यातला काजळीचा डाग आणि डावखुरा बासवादक तसाच आहे. ते पान तुमच्यासमोर आलं तर बासवादकाचे हात बघा.