आर.ई.एम.ची ‘मर्मर’, आठ महिने ऐकल्यानंतर

आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडची ‘मर्मर’ ही रेकॉर्ड घरी आली त्या संध्याकाळी मी गाणं कमी ऐकलं आणि प्लेअरची अर्थिंगची वायर जास्त तपासली. सुई टेकली की गाण्याआधी घर्रघर्र, तीही तुटक तुटक, बंद-चालू होणारी. कोथरूडमधली आमची बिल्डिंग जुनी, वायरिंग त्याहून जुनं, त्यामुळे संशय घरावरच. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, अ‍ॅम्प्लिफायर मागून हलवून पाहिला आणि मला दुसरी एखादी रेकॉर्ड लावायला सांगितली. आईची नाट्यसंगीताची लावली, ती स्वच्छ वाजली. “दादा, मालातच आहे आवाज,” म्हणाला आणि दोनशे रुपये घेऊन गेला.

बरोबर होतं त्याचं. ‘रेडिओ फ्री युरोप’ या पहिल्याच गाण्याच्या तोंडाला जे ऐकू येतं ती टेपवर चुकून आलेली विजेची गुणगुण आहे. मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या निर्मात्यांनी ती पुसून न टाकता बँडमधल्या माइक मिल्सच्या बेस गिटारबरोबर उघडझाप करायला लावली. हे कळल्यावर दोनशे रुपयांचं दुःख जरा कमी झालं.

विकणाऱ्याबद्दल एवढंच, की पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवल्यामुळे रेकॉर्ड कडेला किंचित वाकली होती. दोन जाड शब्दकोशांखाली तीन आठवडे दाबून ठेवली. आता पहिल्या गाण्यात सुई हलते, पण उडी मारत नाही.

आता मुद्द्याचं. बँड अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचा, हा अल्बम १९८३चा, आणि त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’ या संगीताच्या मासिकाच्या समीक्षकांनी मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ला मागे ठेवून याला पहिला नंबर दिला. हे वाचून घेतला आणि पहिला महिना फसल्यासारखं वाटलं. गायक मायकल स्टाइप काय गातो ते कळतच नाही. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “हा पान खाऊन गातोय का?” माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, म्हणून दोष आधी स्वतःकडे घेतला. वीस वर्षं अमेरिकेत असलेल्या मावसबहिणीला तुकडा पाठवला. तिचा निरोप आला, “मला मध्ये ‘डाळभात’ ऐकू आलं, पुढचं तू बघ.” स्टाइपने हे कंट्रोल रूमशेजारच्या अंधाऱ्या जिन्यात उभं राहून गायलंय. ऐकूही तसंच येतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी स्वतःशी बोलत असल्यासारखं.

शब्दांचा नाद सोडला तेव्हा कुठे बाकीचं ऐकू यायला लागलं. त्यासाठी मी एक उद्योग केला, तो तुम्हीही करा. हेच ‘रेडिओ फ्री युरोप’ त्यांनी आधी १९८१मध्ये हिब-टोन नावाच्या छोट्या लेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीसाठी, वाजवलं होतं. ते रेकॉर्डिंग ईस्टरच्या आई-वडिलांच्या घरच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत झालं. ती आवृत्ती ‘एपोनिमस’ या संकलनात मिळते. दोन्ही पाठोपाठ लावा. जुनीत पोरं बस चुकेल अशा घाईत आहेत, सगळे वाद्यांवर तुटून पडलेत. अल्बमवरची सावकाश आहे. प्रत्येकाला जागा आहे, आणि पीटर बकची गिटार झोडपल्यासारखी न वाजता एकेक तार सुटी करत जाते. बकला स्वतःला जुनीच जास्त आवडायची. मला सहा महिने अल्बमवरची आवडत होती, हल्ली मात्र माझाही कल बदलतोय.

मधल्या काळातली एक गोष्ट महत्त्वाची. ‘मर्मर’ काढणाऱ्या लेबलने आधी स्टीफन हेग नावाच्या दुसऱ्या निर्मात्याकडे यांना बसवलं. त्याने ‘कॅटापुल्ट’ हे गाणं इतक्या वेळा वाजवून घेतलं की ड्रमर बिल बेरीचा धीरच सुटला, आणि वर परस्पर कीबोर्ड चढवले. बँड अडून बसला की आम्हाला ईस्टरच हवा. चाचणी म्हणून ‘पिल्ग्रिमेज’ रेकॉर्ड केलं, ते लेबलला पटलं, मग शार्लट शहरातल्या रिफ्लेक्शन स्टुडिओत सगळा अल्बम झाला. गिटारचे सोलो नकोत, त्या वेळी फॅशनमध्ये असलेले सिंथेसायझर नकोत, हे आधीच ठरलेलं. म्हणून या रेकॉर्डवर १९८३ची तारीख शोधून सापडत नाही. ड्रमसुद्धा कोरडा, घुमत नाही. ऑगस्टमध्ये नदीपात्रातला ढोलपथकांचा सराव ऐकून घरी येऊन मी ही लावायचो तेव्हा बेरी शेजारच्या खोलीत दारं लावून वाजवतोय असं वाटायचं.

पहिली बाजू पक्की आहे. ‘टॉक अबाउट द पॅशन’मध्ये चेलो येतो तो दिखाऊपणा न करता येतो. ‘परफेक्ट सर्कल’चा पियानो दोन वेगवेगळ्या पियानोंचा मिळून आहे, एक उभा आणि एक ग्रँड, म्हणून त्या स्वरांना जरा फुटकी किनार येते. रात्री साडेदहानंतर हेच गाणं. दुसऱ्या बाजूवर ‘सिटिंग स्टिल’ आणि ‘शेकिंग थ्रू’ हवीतच. पण ‘९-९’ची बडबड आठ महिन्यांनंतरही मला सोसत नाही, आणि ‘वी वॉक’ हे बालगीत आहे. त्यात मागे जो गडगडाट आहे तो बिलियर्डच्या चेंडूंच्या आवाजाच्या टेपचा वेग कमी करून काढलाय. कल्पना छान, गाणं तेवढं नाही.

कव्हरवर कुडझूच्या वेलीने गिळलेली जमीन आहे. ही वेल मूळची पूर्व आशियातली, अमेरिकेच्या दक्षिणेत माजली. वेताळ टेकडीवर घाणेरीच्या जाळीतून अंगावर ओरखडे घेत चालणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

घ्यावी का? शब्द कळलेच पाहिजेत असं असेल तर नको. बेस नीट ऐकवणारे स्पीकर असतील तर जरूर, कारण अर्धी गाणी मिल्सच्या बेसवर आणि त्याच्या मागच्या आवाजावर उभी आहेत. फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, मी ते करून बसलोय.

यांचा पुढचा अल्बम ‘रेकनिंग’, १९८४चा, त्याच दोघा निर्मात्यांचा. तो सध्या शोधतोय. या खेपेला पैसे भरण्याआधी पॅकिंगचा फोटो मागणार आहे.