सेक्स्ड सीमेनच्या नावाखाली 12,200 रुपये गेले आणि चार गाई रिकाम्या राहिल्या

लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले, लाज वाटत होती खरं सांगायचं तर. दहा वर्षं गोठा करणारा माणूस असा फसतो म्हणजे काय. पण तो माणूस अजून फिरतोय म्हणून लिहितोय.

दूध घालायला डेअरीवर गेलो तिथेच या खाजगी रेतन करणाऱ्या माणसाशी ओळख झाली. म्हणाला सेक्स्ड सीमेन आहे, म्हणजे कालवड व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य, एचएफ (होल्स्टीन) जातीचं, कालवडच होणार, एका कांडीचे, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळीचे, 1,500. माझ्या सहा गाई भरवायच्या (कृत्रिम रेतन करायच्या) होत्या, म्हणजे 9,000. महाग वाटलं, पण गेल्या वर्षी चार गोऱ्हे झाले होते, ज्याच्या दावणीला चार गोऱ्हे उभे आहेत त्याला विचारा कालवडीसाठी माणूस काय काय करतो. आणि सरकारी दवाखाना 11 किलोमीटर, गाय माजावर येते रात्री नाहीतर रविवारी. हा फोन केला की अर्ध्या तासात दारात. मी काही हावरटपणा केला नाही.

पहिल्या दिवशी दोन गाई भरवल्या. कांड्या ठेवायच्या नायट्रोजनच्या डब्याचं झाकण काढलं तसा पांढरा धूर बाहेर आला, चिमट्याने कांडी काढली, थर्मासमधल्या कोमट पाण्यात धरली, सगळं व्यवस्थित. इथेच माझा विश्वास बसला.

नंतरच्या तीन आठवड्यात बाकीच्या चार. त्यातल्या पहिल्याच गाईच्या वेळी झाकण काढलं तर धूर नाही. अजिबात नाही. पट्ठ्याने सरळ बोटाने कांडी उचलली, दोन्ही तळहातात घासली, रेतनाच्या गनमध्ये घातली. माझी बायको शेणाची पाटी घेऊन उभी होती, ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी डब्यातनं धूर निघत होता, आज का नाही?" आणि मी तिलाच म्हणालो, तू गप्प बस, त्यांना कळतं. हे वाक्य मला रात्री झोपू देत नाही. नायट्रोजन संपला की आतलं सगळं मेलं, उणे 196 डिग्रीला ठेवायची वस्तू ती, हे मला माहीत होतं हो! 37 डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची हेही माहीत होतं, आणि सेक्स्डमध्ये शुक्राणू साध्या कांडीपेक्षा कितीतरी कमी असतात त्यामुळे तिथे हयगय चालतच नाही. सगळं माहीत असून उभा राहून बघत होतो.

पुढे 21 दिवसांनी दोन गाईंनी सोट (माजाचा चिकट स्राव) टाकला. फोन केला तर म्हणे काही गाई गाभण असूनही सोट टाकतात, "गाभ टिकायचं" इंजेक्शन देतो. चार गाईंना दिलं, 350 प्रमाणे 1,400. मग 32 व्या दिवशी हात घालून सहाच्या सहा गाभण सांगितल्या, तपासणीचे 300 प्रमाणे 1,800. सहा गाई दहा मिनिटात! 60 दिवसांच्या आत हाताने छातीठोक गाभण सांगणाऱ्याला पैसे देऊ नका, दोन-अडीच महिन्यांनी दुसऱ्याकडून बघून घ्या, ज्याने भरवली त्याच्याकडून नाही.

पाच महिन्यांनी लाळ-खुरकतच्या लसीला डॉक्टर आले, सहज हात घातला आणि म्हणाले ही तर रिकामी आहे. मग दुसरी. मग तिसरी, चौथी. पायाखालची जमीन सरकली. पाच महिने म्हणजे एकेका गाईचे सात माज वाया, दूध 14 लिटरवरून 5 वर आलेलं, खुराक चालूच. 12,200 तर दिसणारे पैसे, हा खड्डा वेगळाच.

पहिल्या दोन गाभण होत्या त्या व्यायल्या, दोन्ही गोऱ्हे. एक तर तांबूस, एचएफचा नेहमीचा काळा-पांढरा रंगच नाही. गोठ्याच्या गटारीत एक रिकामी कांडी सापडली, डॉक्टरांनी वरचा नंबर बघितला तर साधा जर्सी वळू! म्हणजे धूर होता तेव्हाही माल खोटाच. कांडी भरवायच्या आधी हातात घ्या, त्यावर वळूचा नंबर, जात, तारीख छापलेली असते, फोटो काढा, रिकामी कांडी त्याला नेऊ देऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले पावती आहे का, नसेल तर हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. पावती कोण देतं गोठ्यात? तालुक्याच्या पशुसंवर्धन ऑफिसला गेलो, साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा गेलो, साहेब रजेवर. तिसऱ्यांदा भेटले तर मलाच विचारतात खाजगी माणसाकडून भरवलीच का, मिनरल मिक्श्चर देत होता का? रोज 50 ग्रॅम देतो साहेब, डब्यात नायट्रोजन नव्हता त्याला मिनरल काय करणार? मग म्हणे टॅग नंबरवर रेतनाची नोंदच नाही, तर भरवली हेच सिद्ध होत नाही. कानातला 12 आकडी बिल्ला सगळ्या गाईंना आहे, पण नोंद त्याने करायची होती आणि मी मागितली नाही. जिल्ह्याला अर्ज करा म्हणाले. केला. दीड महिना झाला, पोचसुद्धा नाही. म्हणजे फसवणारा मोकळा आणि हेलपाटे आम्ही घालायचे, धारा कोण काढणार मग?

नोंद समोर उभं राहून करून घ्या. धूर नसेल तर गाय दावणीला परत बांधा, एक माज गेला तरी चालेल.

चारपैकी दोन गाई परत भरवल्यात, दवाखान्यातून, सकाळी माजावर आली ती संध्याकाळी. रिकाम्या कांड्या तारीख लिहून घरच्या डब्यात ठेवल्यात. आणि परवा डेअरीवर कळलं की तो आता पलीकडच्या वस्तीवर येतो, तोच डबा गाडीला बांधून. तिथल्या दोघांना मी त्याच दिवशी जाऊन सांगितलं, एकाने ऐकलं, दुसरा म्हणाला माझ्या गाई तर गाभण आहेत, त्यानेच तपासल्यात.