वाकडे फोटो सरळ करताना: गिंप आणि डार्कटेबल काही महिने वापरल्यानंतर

गेल्या गणपतीपासून गिरगाव-ठाकूरद्वार भागातल्या चाळींचे फोटो काढतोय. एकेक वाडी पुनर्विकासात चालली आहे, उभं आहे तोवर टिपून ठेवावं एवढाच हेतू. गल्ल्या अरुंद, मागे सरकायला जागा नाही, वर हातगाडीवाला 'बाजू, बाजू' करतोय. फोटो वाकडा येणारच. त्यामुळे काढण्यापेक्षा जास्त वेळ जातो तो सरळ करण्यात आणि कापण्यात. त्यासाठी दोन फुकट सॉफ्टवेअर वापरली, गिंप आणि डार्कटेबल.

गिंपमध्ये बहुतेक जण रोटेट टूल घेऊन अंदाजाने फोटो हलवत बसतात. ते सोडा आणि मेजर टूल, म्हणजे मोजपट्टी, घ्या. 2018 साली आलेल्या 2.10.4 आवृत्तीपासून त्यात 'स्ट्रेटन' (सरळ करा) बटण आहे. फोटोतली जी रेघ आडवी किंवा उभी असायला हवी तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत रेघ ओढायची आणि बटण दाबायचं, कोन ते टूल स्वतः काढतं. फक्त रेघ लांब हवी. 500 पिक्सेलच्या रेघेत टोक 10 पिक्सेल चुकलं तर कोन एका अंशाहून जास्त चुकतो. 4000 पिक्सेलच्या रेघेत तेवढ्याच चुकीने 0.15 अंशसुद्धा फरक पडत नाही. खिडकीच्या चौकटीवर रेघ ओढू नका, अख्ख्या गॅलरीच्या कठड्यावर ओढा. त्यातही कठडा समोरून दिसत असेल तरच. कोपऱ्यातून घेतलेल्या फोटोत तो तिरकाच दिसायला हवा. सरळ केल्यावर फोटोचे कोपरे कॅनव्हासच्या, म्हणजे चित्राच्या चौकटीच्या, बाहेर जातात; ते हवे असतील तर 'फिट कॅनव्हास टू लेयर्स' करायचं आणि कडेची रिकामी जागा कापून टाकायची. तीन मेनूंत विखुरलेलं हे काम एका जागी असतं तर बरं झालं असतं.

पण रेघ कशावर ओढायची? मला वाटतं सगळी गोम इथेच आहे, आणि फोनमधली 'ऑटो' बटणं इथेच गंडतात. मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलकडे बघत फोटो घेतला तर पलीकडच्या किनाऱ्याची रेघ आडवी वाटते. ती आडवी नसते. किनारा वळत वळत लांब जातो, आणि आपण पाण्यापेक्षा उंचावर उभे असल्यामुळे त्याचा लांबचा भाग फोटोत थोडा वर दिसतो. ती रेघ धरून सरळ केलं की इमारती कलतात. खरी आडवी रेघ म्हणजे उघड्या समुद्राचं क्षितिज, नरिमन पॉइंटच्या टोकावरून पश्चिमेला दिसतं तसं. ते चौकटीत नसेल तर फोटोच्या मध्याजवळच्या एखाद्या इमारतीची उभी कड धरा. कडेची नको, कारण वाइड लेन्स कडेच्या रेघा वाकवते. क्षितिजही फ्रेमच्या वरच्या किंवा खालच्या काठाजवळ असेल तर धनुष्यासारखं दिसतं. तिथे आधी लेन्स करेक्शन, म्हणजे लेन्सने आणलेला बाक काढणं, मग फिरवणं.

चाळींचं आणखी वेगळं. लाकडी खांब खरोखरच कललेले, गॅलरी मध्ये झुकलेली, जिना एका बाजूला बसलेला. कोणती रेघ खरी मानायची? मी आता लटकणारी वस्तू शोधतो. बल्बची वायर, पंख्याची दांडी, दारावरची घंटा. वारा नसेल तर यातलं काहीही गवंड्याच्या ओळंब्याचं काम करतं. त्यावर उभी रेघ ओढली की चाळ जितकी कलली आहे तितकीच कललेली दिसते, कमी नाही, जास्त नाही. नोंद म्हणून काढलेल्या फोटोत हे मला महत्त्वाचं वाटतं.

फिरवण्याची किंमत किती हे मी कागदावर मांडून बघितलं. 3:2 प्रमाणाचा आडवा फोटो तेच प्रमाण राखून एक अंश फिरवला तर सुमारे 5 टक्के क्षेत्रफळ जातं, तीन अंशांना 14 टक्के, पाच अंशांना 21 टक्के. 4000 बाय 3000 चा फोनचा फोटो तीन अंश फिरवल्यावर साधारण 3740 बाय 2800 उरतो. म्हणून फोटो काढतानाच चारही बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडायची. कळस कडेला चिकटवून घेतलात तर सॉफ्टवेअर काय करणार!

दुसरी किंमत धारेची. 90 अंशांच्या पटी सोडून कुठल्याही कोनात फिरवलं की प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांवरून नव्याने मोजावा लागतो आणि फोटो किंचित मऊ होतो. एकदा चालतं. आधी एक अंश, मग अर्धा, मग पाव मागे, असं गिंपमधल्या साध्या लेयरवर केलं तर मऊपणा साचत जातो. नीट बसलं नाही तर अनडू करून पुन्हा एकदाच फिरवा, आणि इंटरपोलेशन (पिक्सेल नव्याने मोजायची पद्धत) 'नोहेलो' किंवा 'लोहेलो' ठेवा.

डार्कटेबल इथे उजवं ठरतं. ते मूळ फाइलला हातच लावत नाही, बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. कोन दहा वेळा बदलला तरी निर्यात करताना हिशोब मूळ फोटोवरूनच होतो. 'रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह' मॉड्यूल उघडून उजवं बटण दाबून रेघ ओढली की काम झालं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र पंखा गरगरायला लागतो, स्लायडर हलवल्यावर थांबावं लागतं.

याच मॉड्यूलचा खरा उपयोग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर कळतो. चौकात उभं राहिलं की एकीकडे टर्मिनस, दुसरीकडे महापालिकेची इमारत, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या. कॅमेरा वर करावाच लागतो, आणि मग मनोरे वर जाताना एकमेकांकडे झुकतात. हे फिरवून सुटत नाही. मॉड्यूल उभ्या रेघा स्वतः शोधतं, पण दिव्याचे वाकडे खांब आणि लोंबणाऱ्या केबलीही त्यात धरतं. त्या उजव्या क्लिकने वगळायच्या. पूर्ण दुरुस्ती केली तर घुमट ताणलेला, वरून जड दिसतो. मी साधारण तीन चतुर्थांशावर थांबतो, थोडं झुकलेलं डोळ्याला खरं वाटतं.

कापताना प्रिंटचा आकार आधी ठरवा. 4 बाय 6 आणि 8 बाय 12 इंच हे 3:2 चेच आकार. 8 बाय 10 मागितलात तर लांबीतले 2 इंच जातात, आणि वाडीच्या ग्रुप फोटोत ते दोन इंच म्हणजे दोन्ही टोकांची माणसं. स्टुडिओतलं मशीन विचारत बसत नाही, तेव्हा कातर आपणच लावून फाइल द्यावी. 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 8 बाय 12 ला 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात, वर सांगितलेल्या 3740 बाय 2800 मधून ते आरामात निघतात.

फक्त स्टेटसला टाकायचे फोटो असतील तर हे सगळं करू नका. स्नॅपसीडमध्ये रोटेट आणि पर्स्पेक्टिव्ह दोन्ही आहेत, चर्चगेटहून लोकल सुटून दादर येईपर्यंत चार-पाच फोटो उरकतात.