वापरलेला अव्हेलांच ट्रान्सीव्हर घ्यावा का? एक अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

हिमस्खलनात गाडलं गेलेलं माणूस शोधायला गटातल्या प्रत्येकानं अंगावर बांधायचा, सिग्नल पाठवणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर, म्हणजे आपण सगळे ज्याला बीकन म्हणतो तो, मी मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर सेकंडहँड घेतला. पूर्ण मोसम तो अंगावर होता. आज माझा त्याच्यावर भरवसा आहे. पण तो बसायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ द्यायची तयारी नसेल तर वापरलेला बीकन कोणी घेऊच नये, असं माझं ठाम मत झालंय.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नवीन बीकनबद्दल लिहिताना मॉडेलबद्दल बोलता येतं. वापरलेल्याबद्दल लिहिताना फक्त त्या एका नगाबद्दल बोलता येतं. त्याच मॉडेलचा दुसरा नग कुणाच्या गाडीच्या डिकीत उन्हाळाभर तापत पडला असेल, तिसरा खडकावर आपटला असेल. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

मूळ अडचण अशी आहे की बीकनचं निम्मं काम मालकाला कधी दिसतच नाही. शोधायचं काम दिसतं: बाण येतो, अंतराचा आकडा उतरत जातो, आवाज बदलतो. सिग्नल पाठवायच्या कामाचा पुरावा म्हणून आपल्याला फक्त एक लुकलुकणारा दिवा मिळतो. आतली यंत्रणा जागी आहे एवढंच तो दिवा सांगतो. सिग्नल 457 किलोहर्ट्झवरच जातोय का, किती लांब पोचतोय, हे दुसऱ्याच्या हातातला बीकनच सांगू शकतो. आणि आपण बर्फाखाली असू तेव्हा नेमकं हेच काम चालू असायला हवं. पूर्ण गाडलं गेलेलं माणूस पहिल्या 10 मिनिटांत बाहेर निघालं तर 10 पैकी 9 जण वाचतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांशावर येतं. कमजोर सिग्नलमुळे शोधणाऱ्यांना उतारावर एक फेरी जास्त मारावी लागली, तर ती मिनिटं याच हिशोबातून जातात.

आत बिघडतं काय, ते समजून घेतलं की तपासणी कशाची करायची ते आपोआप कळतं. बीकनच्या अँटेना म्हणजे फेराइटच्या कांड्यांवर गुंडाळलेली तार. फेराइट खडूसारखं ठिसूळ असतं. बीकन दगडावर किंवा फरशीवर पडला तर खोक्याला साधा ओरखडाही न येता आतली कांडी तडकू शकते. तडकली की अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं आणि पल्ला घटतो. दुसरी गोष्ट फ्रिक्वेन्सी सरकण्याची. आजच्या युरोपीय मानकात 457 किलोहर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे 80 हर्ट्झ एवढीच सूट आहे. जुने बीकन वयानं, थंडीनं किंवा धक्क्यानं याच्या बाहेर जाऊ शकतात. पूर्वीच्या अ‍ॅनालॉग बीकनना त्याचा फारसा फरक पडत नसे, कारण ते ऐकायचे सैल पट्ट्यात. आताचे डिजिटल बीकन गोंगाट टाळायला अरुंद पट्ट्यात ऐकतात. त्यामुळे सरकलेला जुना बीकन त्यांना बराच जवळ आल्यावर सापडतो. म्हणजे जुन्या बीकनचा तोटा तुमच्या गटात सगळ्यांत नवा, सगळ्यांत चांगला बीकन ज्याच्याकडे आहे, त्याच्याच हातात दिसतो.

मी आधी दुसराच एक बीकन बघितला होता. विकणारी व्यक्ती सरळ होती, फार वापरला नाही असं तिनं सांगितलं, आणि तिला तसं खरंच वाटत होतं याबद्दल मला शंका नाही. बॅटरीचं झाकण उघडलं तर एका स्प्रिंगच्या बुडाशी पांढरट-हिरवी खरखरीत पूड साचलेली. सेल उन्हाळाभर आत राहिले की गळतात, त्याचीच ही खूण. वरवर पुसून बीकन सुरूही झाला, बॅटरीचा आकडाही भरलेला दाखवला. पण ते अल्कधर्मी पाणी स्प्रिंगवरून आत सर्किटपर्यंत गेलंय का, हे झाकणातून दिसत नाही. मग मैत्रिणीचा नवा बीकन ग्रुप चेकवर लावला. तिच्या बीकनमध्ये समोरच्याची फ्रिक्वेन्सी आणि पल्सची लय मोजून बरोबर-चूक सांगायची सोय आहे. त्यानं चूक सांगितली. उघड्या मैदानात अंतर मोजलं, तर तिच्या बीकनला हा सिग्नल 20 मीटरच्या आत आल्यावर मिळायला लागला. तिथंच विषय संपला.

नंतर जो घेतला, त्याच्या बाबतीत पहिली गोष्ट बघितली ती वय. सिरियल नंबरवरून तो कधी बनला ते कंपनीकडून कळतं, आणि तो नंबर द्यायला विकणारा खळखळ करत असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. दहा वर्षं झालेला बीकन मी कोणत्याही अवस्थेत घेणार नाही. एक किंवा दोन अँटेनाचा तर नकोच. अजून कुठे कुठे अगदी पुरातन, 2.275 किलोहर्ट्झवर चालणारे नगही निघतात. आजच्या कुठल्याही बीकनला ते ऐकू येत नाहीत, त्यांची जागा कपाटात.

दुसरी गोष्ट रिकॉल, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीनं विकलेले नग परत मागवणं. बीकनमध्ये हे प्रकार बऱ्यापैकी होतात आणि हात बदललेल्या बीकनपर्यंत ती बातमी पोचत नाही, कारण नोंदणी पहिल्या मालकाच्या नावावर असते. 2021 मध्ये पिएप्स या कंपनीच्या डीएसपी प्रो आणि डीएसपी स्पोर्टसाठी स्लायडर स्विचच्या कारणानं रिकॉल निघाला आणि मालकांना कडक कव्हर देण्यात आलं. असा बीकन कव्हराशिवाय तुमच्यासमोर आला, तर ही गोष्ट तुम्हाला आधी माहीत असायला हवी. स्विच कुठल्याही कंपनीचा असो, सेंडवर, म्हणजे सिग्नल पाठवायच्या अवस्थेत, लॉक करून अंगठ्यानं सगळ्या बाजूंनी ढकलून बघा. लॉक घट्ट बसलं पाहिजे, किरकिर नको, मधल्याच जागी अडकायला नको.

आता चाचण्या. पल्ल्याची चाचणी तारा, गाड्या आणि लोखंडी कुंपणापासून लांब, मोकळ्या जागी. एक बीकन लाकडी खांबावर सेंडमध्ये, दुसरा हातात घेऊन लांबून सावकाश चालत यायचं, आणि सिग्नल जिथे पहिल्यांदा टिकून मिळतो तिथे खूण करायची. हे दोन्ही बाजूंनी: आधी माझा पाठवणारा, मग माझा शोधणारा. दर वेळी पाठवणारा बीकन आडवा, तिरका, उभा असा फिरवायचा. शेजारी त्याच पिढीचा खात्रीचा बीकन ठेवून तुलना केली तरच आकड्यांना अर्थ येतो. जाहिरातीतला पल्ला हा सगळ्यांत अनुकूल स्थितीतला असतो, त्याच्याशी ताडून बघू नका.

पण मला सगळ्यांत जास्त सांगून गेली ती तिसऱ्या अँटेनाची चाचणी, आणि ती फार कमी लोक करतात. तिसरी अँटेना छोटी असते, तिचं काम शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये. ती मेलेली असली तरी लांबून शोध अगदी व्यवस्थित चालतो, त्यामुळे साध्या सरावात काही कळत नाही. यासाठी पाठवणारा बीकन जमिनीवर उभा ठेवला, आणि माझा बीकन डोक्याच्या उंचीवर आडवा धरून वरून अधिक चिन्हासारखा हलवला, सावकाश, बीकनचं तोंड न फिरवता. आकडा उतरत उतरत एकाच जागी सगळ्यांत कमी झाला आणि पुढे सरळ चढत गेला. तिसरी अँटेना काम करत नसती तर बरोबर वरच्या जागी आकडा वाढला असता, आणि दोन्ही बाजूंना दोन खोटे नीचांक मिळाले असते. खोल गाडलेल्या माणसाच्या वर उभं राहून प्रोब, म्हणजे बर्फात चाचपायची लांब काठी, चुकीच्या जागी खुपसत राहायचं, ते याच बिघाडामुळे.

एवढं करूनही मी तो अधिकृत तपासणीला पाठवला. घरच्या चाचणीत पल्ला कळतो, पण फ्रिक्वेन्सी नेमकी किती सरकली आहे हे मोजायचं उपकरण माझ्याकडे नाही. तिकडून फर्मवेअर अद्ययावत होऊन आला, मोजमापाचा कागद सोबत. तो मिळेपर्यंत मी बीकन घेऊन उतारावर गेले नाही. काही कंपन्या जुन्या मॉडेलची तपासणीच बंद करतात. तसं असेल तर बीकन कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

फॅक्टरी रिसेट लगेच करा. आधीच्या मालकानं सेटिंगमध्ये काय बंद करून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं. माझ्यात, शोधणाऱ्यावर दुसरं हिमस्खलन आलं तर बीकन ठरावीक वेळेनं आपोआप सेंडवर परत जायची सोय बंद केलेली होती.

मोसमातला अनुभव थोडक्यात सांगते, कारण चांगल्या बीकनबद्दल सांगण्यासारखं कमीच असतं. कडाक्याच्या थंडीत रात्रभर बाहेर ठेवून सकाळी ग्रुप चेक केला, बरोबर आला. बॅटरी हळूहळू, सारख्या वेगानं उतरली, मध्येच खड्डा पडला नाही. सेल अल्कलाइनच, एकाच पाकिटातले. रिचार्जेबल सेल कंपनीनं स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय कधीही नाही, कारण त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून एकदम पडतो आणि स्क्रीनवरचा टक्का फसवतो. मानकानुसार नव्या सेलवर निदान 200 तास सेंड आणि त्यानंतरही एक तास शोध निघायला हवा. मी मात्र निम्म्याच्या वरच सेल बदलत राहिले. मध्ये एकदा शोधताना बाण भिरभिरायला लागला तेव्हा काळजात धस्स झालं. कारण माझ्याच छातीवरच्या खिशातला फोन होता. सेंडमध्ये निदान 20 सेंटिमीटर, सर्चमध्ये 50 सेंटिमीटर लांब, हा नियम नव्या बीकनलाही तेवढाच लागू आहे.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक गटात सुरुवातीलाच केली: माझा बीकन वापरलेला आहे हे सांगितलं, कागद दाखवला, आणि रोज सकाळी माझी तपासणी दोन वेगळ्या कंपन्यांच्या बीकननं करून घेतली. हे संकोचाचं वाटू नये. माझा बीकन ऐकू आला नाही तर मी जाते, आणि माझ्या बीकनला ऐकू आलं नाही तर दुसरं कोणीतरी जातं. ज्याचा जीव माझ्या उपकरणावर टांगलेला आहे, त्याला नाही म्हणायचा हक्क असलाच पाहिजे. एका मित्रानं सुरुवातीला नाही म्हटलं, स्वतः पल्ला मोजून घेतला, मग आला. मला ते फार आवडलं.

मग घ्यावा का? ओळखीच्या माणसाचा, पाच वर्षांच्या आतला, तीन अँटेनाचा, कंपनी अजून तपासून देते असा मिळत असेल तर घ्या, आणि तपासणीचा खर्च किमतीतच धरा. त्यानंतर नव्याच्या तुलनेत फारशी बचत उरत नसेल तर नवाच घ्या. अनोळखी माणसाकडून, फक्त फोटो बघून, अजिबात नको. निव्वळ सरावाला, पुरून ठेवायला हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यावर ठळक अक्षरांत तसं लिहून ठेवा, नाहीतर घाईत तोच कुणाच्या तरी गळ्यात जातो. माझ्या बीकनमधले सेल आता काढून ठेवलेत. पुढच्या हिमवर्षावाआधी तो परत मोजायला जाईल.