मॉरिशसचा समुद्र, घरी येऊन आठ महिन्यांनी

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण मॉरिशसला जाऊन आलो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा आणि अडुसष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई. आल्या आल्या लिहायला बसले असते तर सगळंच छान छान लिहून मोकळी झाले असते. आता जानेवारी लागलाय, ओळखीतल्या लोकांची उन्हाळ्याच्या सुट्टीची आखणी सुरू झालीये आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, "रिसॉर्ट कुठलं घेतलं होतंत?" माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: रिसॉर्ट नंतर बघा, आधी त्याच्या समोरचं पाणी बघा.

आम्हाला हे तिथं गेल्यावर कळलं. सात रात्रींपैकी पहिल्या चार पूर्व किनाऱ्यावर बेल मारला होत्या आणि उरलेल्या तीन पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला. पूर्वेचं रिसॉर्ट पंचतारांकित. खोली एवढी मोठी की मुलं आत पकडापकडी खेळत होती. पाच जणांचा सगळा मिळून खर्च साडेसहा लाखांच्या आसपास झाला, त्यातला मोठा वाटा या चार रात्रींनीच खाल्ला. पण मॉरिशस पडलं दक्षिण गोलार्धात. आपला मे म्हणजे त्यांच्याकडे हिवाळ्याची सुरुवात, आणि त्या दिवसांत आग्नेयेचा वारा थेट पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतो. चारपैकी तीन दिवस आम्ही किनाऱ्यावर टॉवेल सांभाळत बसलो. धाकटा पाण्यातून बाहेर आला की कुडकुडायचा. शेवटी दोन्ही मुलं गरम पाण्याच्या स्विमिंग पूलमध्ये. पूलच हवा होता तर तो लोणावळ्यालाही मिळाला असता.

पश्चिमेचं हॉटेल साधं, तीन तारे, बाथरूमचा नळ गळका. पण मधल्या डोंगरांनी वारा अडवलेला आणि पाणी एकदम संथ. मुलं सकाळी नाश्ता करून जी पाण्यात शिरायची ती ओढून बाहेर काढावी लागायची. आज मुलांना मॉरिशस म्हटलं की त्यांच्या तोंडी फक्त हे तीन दिवस असतात. मोठ्या खोलीचा विषय आठ महिन्यांत एकदाही निघालेला नाही.

पाणी असं संथ का, तर जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिकडे लांब फुटतात. किनाऱ्यावर बसलं की दूर एक पांढरी रेघ दिसते, तिची गाज ऐकू येते, आणि अलीकडे उथळ, पारदर्शक लगून. दक्षिणेला ग्री ग्रीला ही भिंत तुटलेली आहे. तिथे लाटा सरळ कड्यावर येऊन आपटतात, ते एकदा गाडी करून बघून यावं, पाण्यात मात्र उतरू नये.

आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, सांगते. गणपतीपुळ्याला आम्ही किती वेळा गेलो असू, पण आईंनी घोट्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाही. तिथला समुद्र आत ओढतो, हे त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं. फ्लिक आं फ्लाकला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीने त्यांचा हात धरला आणि दोघी चालत निघाल्या. पंजाबी ड्रेसची ओढणी आईंनी कमरेला घट्ट बांधलेली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा थांबल्या, मागे वळून आमच्याकडे बघितलं, पुन्हा चालू लागल्या. कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर त्यांनी लेकीचा हात सोडला आणि दोन्ही तळवे पाण्यावर पसरून नुसत्या उभ्या राहिल्या. पायाची बोटं दिसतायत गं, एवढंच म्हणाल्या. पंधरा-वीस मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. नवऱ्याने फोन काढला होता, पण फोटो न काढताच खिशात ठेवला.

आता तक्रार. पुण्यातल्या ज्या एजंटकडून बुकिंग केलं त्याचं नाव देत नाही, पण झालं ते सांगते. आतून दार असलेल्या दोन जोडखोल्या मिळतील असं तोंडी कबूल केलं होतं. प्रत्यक्षात एक खोली तळमजल्यावर आणि दुसरी दुसऱ्या मजल्यावर, लांबच्या टोकाला. आईंना वर एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून चार रात्री मी आणि लेक त्यांच्याबरोबर आणि नवरा धाकट्याला घेऊन खाली. रिसॉर्टवाले म्हणाले, तुमच्या व्हाउचरवर जोडखोल्यांचा उल्लेखच नाही. आणि खरंच नव्हता. परत आल्यावर चार महिने फोन केले, एक रुपया परत आला नाही. तेव्हा जोडखोल्या, तळमजला, समुद्र दिसणारी खोली, जे काही ठरलं असेल ते व्हाउचरवर छापून घ्या. व्हॉट्सॲपवरचं "हो हो मॅडम" काउंटरवर चालत नाही.

जेवणाचं म्हणाल तर हाफ बोर्ड घ्या, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. आम्ही पूर्वेला तिन्ही वेळचं घेतलं आणि दुपारच्या जेवणापायी दिवस मधोमध तुटायचा. जेवणाबरोबरच्या पाण्याच्या बाटलीचे पैसेही वेगळे लावले, तेही आधी विचारून ठेवा. पश्चिमेला दुपारी सार्वजनिक किनाऱ्यावरच्या गाड्यांवर खायचो. तिथे सुरूची झाडं आहेत, अगदी कोकणात असतात तशी, आणि सावलीत चटया टाकून तिथली कुटुंबं डबे उघडून बसलेली. दाल पुरी हा तिथला रोजचा खाऊ. वाटलेली डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीने मिळते, आत वालासारख्या दाण्यांची उसळ आणि चटणी. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, अगं, ही तर बिनगुळाची पुरणपोळी! शाकाहारी माणसाचं तिथे अजिबात अडत नाही. मी नेलेलं मेतकूट तसंच परत आलं.

राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर उतरायचे ती जागा, बघायला आम्ही एक दुपार ठेवली होती, ती पुरली नाही. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख माणसं भारतातून मजुरीसाठी इथून आत गेली, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. त्या दगडी पायऱ्यांवर मुलं गप्प झाली. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे ऐकल्यावर लेकीचे प्रश्न संपेनात. समुद्राचा एक दिवस कमी करा, पण हे चुकवू नका.

नेलेल्या वस्तूंचं आता नीट सांगता येईल. पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट ही सगळ्यात चांगली खरेदी. लगूनच्या तळाशी काळे, काटेरी समुद्री अर्चिन असतात. नवरा एकदा आळस करून अनवाणी उतरला आणि टाचेत तीन काटे घेऊन आला. हॉटेलच्या नर्सने सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायला लावला, मग चिमट्याने काटे काढले. काळे ठिपके तीन आठवडे होते. मुलांचे पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे आजही पुण्यातल्या टिळक टँकला, म्हणजे तिथल्या पोहण्याच्या तलावावर, आठवड्यातून दोनदा वापरात आहेत, रंग उडाला पण शिवण पक्की आहे. लेकीचा स्नॉर्कलचा चष्मा डिसेंबरात तारकर्लीलाही कामी आला. फोनची वॉटरप्रूफ पिशवी मात्र तिथेच गळली. ती वापरायच्या आधी दर वेळी आत टिश्यू घालून बादलीत बुडवून बघा. प्लगचा ॲडॉप्टर तीन चौकोनी पिनांचा लागतो.

व्हिसा आधी काढावा लागत नाही. पुण्याहून थेट विमान नाही, मुंबई गाठावी लागते, आणि रात्रीच्या एक्सप्रेसवेसाठी तासभर जास्तीचा धरा. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे मुलं पहाटे साडेपाचलाच टक्क जागी. नाताळच्या सुट्टीत जायचं म्हणणाऱ्यांना मी नको म्हणते, कारण नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचे दिवस.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. सातही रात्री पश्चिमेला, तळमजल्यावरच्या जोडखोल्या, व्हाउचरवर लिहून. आईंचे निळे बूट चांगले आहेत, धाकट्याचे नवीन घ्यावे लागतील. त्याचा पाय दोन नंबरांनी वाढलाय.