एआय सर्चसाठी आधी काय करायचं: स्कीमा-फाइली की मजकूर?

चॅटजीपीटी, पर्प्लेक्सिटी किंवा गूगलच्या एआय उत्तरात आपल्या पानाची लिंक दिसावी असं वाटतंय पण हाताशी वेळ थोडाच आहे, तर दोन कामं समोर येतात. एक टेक्निकल, म्हणजे स्कीमा (पानावर काय आहे हे मशीनला सांगणारा कोड), एलएलएमएस डॉट टीएक्सटी (साइटवर काय आहे हे एआयला सांगणारी फाइल) वगैरे. दुसरं म्हणजे लिहिलेलंच परत नीट लिहायचं.

पहिलं लोकांना आवडतं कारण प्लगइन टाकलं की झालं. एलएलएमएस डॉट टीएक्सटीची कल्पना एआय संशोधक जेरेमी हॉवर्डने २०२४ मध्ये मांडली, पण गूगलने स्पष्ट सांगितलंय की एआय ओव्हरव्ह्यूजमध्ये (गूगल सर्चमधल्या एआय उत्तरांत) यायला वेगळी फाइल किंवा खास स्कीमा लागत नाही. स्कीमा वाईट नाही हां, लेखक कोण, तारीख कुठली हे मशीनला बरं कळतं. आणि शेकडो प्रॉडक्टची साइट असेल, किंमत-स्टॉक रोज बदलत असेल तर मी आधी स्कीमाच करेन.

बाकीच्यांनी मजकूर धरावा. ही टूल्स बऱ्याचदा अख्खा लेख न घेता त्यातला एखादा तुकडा उचलतात, आणि तो तुकडा एकटा वाचला तर कळला पाहिजे. "असं झालं तर ते लगेच थांबवा" हे वाक्य लेखात चालून जातं, पण बाहेर काढलं की काय थांबवायचं? त्याऐवजी "लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा" लिहिलं की विषय वाक्यातच आला. हेडिंगला लोक विचारतात तसा प्रश्न, खाली पहिल्याच ओळीत उत्तर, प्रस्तावना नंतर (किंवा नाहीच दिली तरी कोणी रडत नाही). २०२४ च्या केडीडी या डेटा-संशोधन परिषदेतल्या जीईओ पेपरमध्येही (एआय उत्तरात जास्त दिसण्यासाठी मजकूर कसा बदलावा यावरचं संशोधन) आकडे, अवतरणं आणि सोर्स दिल्याने एआय उत्तरात जास्त जागा मिळाली, कीवर्ड कोंबून मात्र काही फायदा झाला नाही.

मेहनत आहे, मान्य. एक जुना लेख असा नीट करायला अख्खी दुपार जाते, म्हणून सगळे नको, ज्यावर लोक खरंच येतात तेवढेच घ्या.

पण दोन्हीच्या आधी रोबोट्स डॉट टीएक्सटी उघडा, म्हणजे कुठल्या बॉटने (साइट वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) यायचं आणि कुठल्याने नाही हे सांगणारी साइटवरची फाइल. आपला मजकूर एआयच्या ट्रेनिंगला नको म्हणून चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा जीपीटीबॉट अडवला तर ठीक, पण चॅटजीपीटीच्या सर्चसाठी ओएआय-सर्चबॉट वेगळा आहे, सगळेच बॉट सरसकट बंद केले असतील तर तोही दाराबाहेर. आणि ब्राउझरमध्ये पानाचा व्ह्यू सोर्स (मूळ कोड) बघा, मजकूर तिथे नसून जावास्क्रिप्टने नंतर येत असेल तर बऱ्याच एआय क्रॉलरना पान रिकामंच दिसतं.