५२ मिमीचं टेंपरेचर गेज किट: गेज चांगलं, क्लॅम्प फेकून द्या

हल्ली बऱ्याच लहान गाड्यांत टेंपरेचरचा काटाच नसतो. इंजिन थंड असलं की निळा दिवा, तापलं की लाल, मधला पत्ता नाही. काटा असला तरी अनेकदा तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. एसी लावून खंबाटकी घाट चढताना खरा आकडा हवा, तर वेगळं गेज लावावंच लागतं.

ऑनलाइन सहज मिळणाऱ्या या बिननावाच्या किटमध्ये डिजिटल गेज, १/८ एनपीटी (अमेरिकन मापाच्या निमुळत्या) आट्यांचा एकवायरी सेन्सर, ॲल्युमिनियमचा होज अडॅप्टर (रेडिएटरच्या रबरी नळीत मध्ये बसणारा, सेन्सर धरणारा तुकडा) आणि दोन क्लॅम्प येतात. गेज उन्हातही नीट वाचता येतं. तपासायचं असेल तर सेन्सरच्या बॉडीला अर्थ देऊन (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडून) त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरा. पुण्याच्या उंचीवर आकडा ९८ अंशांच्या आसपास यायला हवा, १०० नाही. क्लॅम्प मात्र इतके मऊ, की स्क्रू आवळताना पट्टीच सोलते. स्टीलचे चांगले दोन वेगळे घ्या.

अडॅप्टर मागवण्याआधी वरच्या रेडिएटर होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. २८, ३२, ३६ अशा मापांत अंदाज चालत नाही. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरची कॅप उघडा, लिटर-दीड लिटर कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) स्वच्छ भांड्यात काढा आणि अडॅप्टरच्या मधल्या उघड्या भागाइतकाच होज कापा. जास्त कापलात तर तो ताणला जाऊन टोकाशी गळतो.

किटच्या कागदावर नसलेली गोष्ट म्हणजे अर्थची वायर. एकवायरी सेन्सर बॉडीतून अर्थ घेतो, पण अडॅप्टर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला. त्याच्या स्क्रूपासून इंजिन ब्लॉकपर्यंत वायर ओढलीच पाहिजे, आणि गेजचा अर्थही तिथेच द्यावा. अर्थ कच्चा राहिला तर सर्किटचा रोध वाढतो, आणि या सेन्सरमध्ये जास्त रोध म्हणजे कमी तापमान. म्हणजे गेज खोटा दिलासा देतं! हेडलाइट लावताच आकडा हलला, तर आधी हाच जोड बघा. आट्यांना टेफ्लॉनचे वेढेच्या वेढे गुंडाळले तरी हेच होतं. पातळ लिक्विड सीलंट लावा. आटे निमुळते असल्याने ते आवळावे तितके घट्ट होत जातात. ॲल्युमिनियम तडकायच्या आत थांबा. बीएसपीचा (ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) सेन्सर दिसायला तसाच, पण इंचाला २७ऐवजी २८ आटे. तो बसल्यासारखा वाटतो आणि झिरपतो.

गेजची वायर गाडीच्या मूळ सेन्सरला जोडू नका, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला) चुकीचं तापमान जाईल. इग्निशनच्या १२ व्होल्टवरून १ अँपिअरचा फ्यूज टाकून सप्लाय घ्या.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) वरच्या होजच्या तोंडाशी असेल, तर सुरुवातीची काही मिनिटं आकडा रेंगाळेल आणि एकदम उडी मारेल. तो बिघाड नव्हे. खरी उणीव वेगळी: होज फाटून कूलंट गेलं तर सेन्सर हवेत राहतो, इंजिन जळत असतानाही आकडा खाली येऊ शकतो. इंजिनच्या हेडमध्ये (ब्लॉकच्या वरच्या भागात) सेन्सरसाठी मोकळं भोक असेल तर सेन्सर तिथेच घाला. होजमध्येच बसवायचा असेल तर आकडा अचानक पडणं हीही धोक्याची खूण धरा. अलार्म १०५ला ठेवा.

कूलंट भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवा आणि रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू द्या, म्हणजे अडकलेली हवा निघेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, लेव्हल पुन्हा बघा आणि दोन्ही क्लॅम्प अर्धा फेरा आवळा.